मातीसकट नेलेली लिली

ज्या फुलाचे आयुष्य सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत एवढेच, त्याच्या लागवडीत माझ्या आयुष्याचा उत्तरार्ध गेला. हे वाक्य मी नुकतेच मोठ्याने वाचून पाहिले आणि ते जरा ऐटीत चालल्यासारखे वाटले. परंतु ते खरे आहे, म्हणून तसेच ठेवतो. या अंकाच्या संपादकांनी ‘फुलशेतीतील अनुभव लिहा’ असे कळवले, तेव्हा मी उलट टपाली नकार धाडणार होतो. शेती म्हणावी असे माझ्याजवळ काहीच नव्हते. जऊळक्याला घरामागे एक आवार आणि त्यात लिलीचे वाफे, एवढाच पसारा. पण आमच्या सौभाग्यवतींनी ते पाकीट माझ्या हातून काढून घेतले आणि म्हणाल्या, “जन्मभर नाही म्हणत आलात. एकदा लिहून तर पाहा. कागदाला काही आवाज लागत नाही.”

आवाजाचा हा टोमणा समजण्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगणे भाग आहे. मी मूळचा शाळामास्तर. नागपूरला कॉलेजात संस्कृत आणि तर्कशास्त्र शिकून आलो व वाशीमच्या एका शाळेत लागलो. माझा आवाज मुळात बारीक. वर्गात पाऊल टाकले की तो आणखी बारीक होई. मी श्लोक शिकवतो आहे, हे मागच्या बाकांवरील मुलांना केवळ माझ्या ओठांच्या हालचालीवरून कळत असावे. शाळेने मला पुष्कळ वर्षे सांभाळून घेतले. अखेर चाळिशी उलटल्यावर मीच राजीनामा दिला. जऊळक्याला रेल्वे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर सासुरवाडीकडून आलेले घर रिकामे होते, तेथे राहायला गेलो. पुढे काय करावे, याचा मला काहीही अंदाज नव्हता.

त्या काळी लहानशा स्टेशनांवरही स्टेशनमास्तर हौसेने बाग राखीत. आमच्या स्टेशनमास्तरांनी फलाटाच्या कडेला केशरी आणि पिवळ्या लिलींची रांग लावली होती. हे गृहस्थ मद्रासकडचे. मराठी मोडकीतोडकी बोलत आणि म्हणूनच माझ्याशी त्यांचे जमे. दोघांनाही फार बोलावे लागत नसे. त्यांची बदली झाली तेव्हा एके दिवशी हमाल एक पोते घेऊन माझ्या दारात आला, आणि मागोमाग ते स्वतः. “नवा माणूस येईल, शेळी येईल, सगळे खाऊन टाकेल,” एवढेच ते म्हणाले. पोत्यात मातीने माखलेले गड्डे होते. त्यापूर्वी मी स्वतःच्या हाताने तुळससुद्धा लावलेली नव्हती.

आता या झाडाविषयी थोडेसे. आमच्याकडे लोक त्याला सरसकट ‘कांद्याचे फूल’ म्हणत. पण उपटून पाहिल्यास खाली कांदा सापडत नाही. शतावरीला असतात तशा बोटाएवढ्या मांसल मुळ्यांचा झुबका असतो आणि त्या मुळ्यांत पाणी साठवलेले असते. वऱ्हाडातील वैशाखात हे झाड तगून राहते ते या शिदोरीवर. पात गवतासारखी लांब. मधून कमरेएवढा दांडा निघतो व त्याच्या टोकाला कळ्यांचा घोस येतो. रोज सकाळी त्यांतली एखादी कळी उमलते, दिवसभर ऊन अंगावर घेते आणि संध्याकाळी मिटून जाते. दुसऱ्या दिवशी तिची पाळी संपलेली, शेजारणीची सुरू. पाहणाऱ्याला वाटते की झाड महिना-महिना फुललेले आहे. खरे पाहता तेथे रोज एक संसार आटोपतो आणि रोज नवा मांडला जातो.

बहर लांबवण्याची कला म्हणून जी आहे, ती एवढीच की ही पाळी मध्ये कोठे खंडू द्यायची नाही. आमच्या काळ्या मातीचा स्वभाव दोन्ही टोकांचा. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि मुळ्या कुजवते. उन्हाळ्यात भेगाळते आणि त्याच मुळ्या तोडते. म्हणून वाफा उंच करावा, काळीत मुरूम आणि जुने शेणखत मिसळावे. गड्ड्याची मान, म्हणजे मुळ्यांवर पात फुटते ती जागा, मातीच्या पातळीत राहिली पाहिजे. ती पुरली तर नुसती पात वाढते. दुपारनंतर सावली पडेल अशी जागा असल्यास उत्तम. काल मिटलेले फूल आज सकाळी खुडून टाकावे, म्हणजे झाड बी धरण्यात शक्ती दवडत नाही. हे काम सकाळीच करायचे. दिवे लागल्यावर झाडाला हात लावू नये, कारण ते झोपलेले असते, ही आमच्याकडची समजूत मी जन्मभर पाळली. शास्त्र काय म्हणते ते मला ठाऊक नाही. पण झोपलेल्याला उठवणे मला माणसांच्या बाबतीतही जमलेले नाही.

झाडे वाढली, गड्डे फोडून लावले, आणि दोन-तीन वर्षांत कुंपणापलीकडे आगगाडीतून रंग दिसू लागला. लोक गाडीतून उतरून चौकशीला येऊ लागले. मी त्यांना पाहून घरात जाई. सौभाग्यवती बाहेर येत, किंमत सांगत आणि बजावत, “हे सांगतात तसंच लावा हो, नाहीतर झाड मेल्यावर पुन्हा आमच्याच नावानं बोटं मोडाल.” मग मी बाहेर येऊन सांगत असे. आमच्या धंद्याची घडी ही अशी बसली. मला मजुराप्रमाणे राबण्याची हौस चाळिशीनंतर लागली, सौभाग्यवतींना फुलाची भाषा समजण्यापूर्वी गिऱ्हाइकाची समजली.

गिऱ्हाइके नाना तऱ्हेची. इंझोरीचे एक सधन गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी कुंड्या न्यायला आले. मांडवाच्या दोन्ही अंगांना फुललेल्या लिलींची रांग हवी, असा त्यांचा बेत होता. मुहूर्त गोरजाचा, म्हणजे सूर्य मावळतानाचा. मी धीर करून म्हणालो, “हे फूल संध्याकाळी मिटतं.”

“मिटते म्हंजे?”

“म्हणजे त्या वेळेला ते उघडं असणार नाही.”

“काय बोलता मास्तर! फूल फुललं त फुललं. त्याले काय घड्याळ समजते?” असे म्हणून ते मोठ्याने हसले आणि कुंड्या गाडीत चढवून घेऊन गेले.

आठ दिवसांनी ते परत आले. “मास्तर, वरात दारात आली अन् तुमचे फुलं झोपले! सारे पाव्हणे इचारून राह्यले, का बापा, हे वाळेल झाडं काहून ठेवले मांडवात?”

सौभाग्यवती दारातूनच म्हणाल्या, “मग नवरदेवाला सकाळी बोलवायचं होतं.”

गृहस्थ क्षणभर गोरेमोरे झाले आणि मग त्यांनाच हसू आले. त्या दिवशीची माझ्या फुलांची लाज दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंनी राखली होती. त्या पहाटे उठून मांडवात आल्या तो नव्या कळ्या उमललेल्या. “हे काल कुठं व्हते?” म्हणून त्यांनी विचारले आणि जाताना दोन कुंड्या मागून घेतल्या. गृहस्थ माझ्याकडे भांडायला आले नव्हतेच. त्या दोन कुंड्यांच्या जागी दुसऱ्या दोन न्यायला आले होते.

असे प्रसंग आठवले की आजही बरे वाटते. ते आवार आता उरलेले नाही, आणि त्या वेळची माणसेही बरीचशी उरलेली नाहीत. परंतु मला सांगायची आहे ती हकीकत केनवडची. या धंद्यात मी कोणाच्या उपयोगी पडलो का, असा प्रश्न मनात आला की मला तेच अंगण दिसते.

केनवडचे सखाराम पाटील प्रथम आले ते श्रावणात. भरघोस मिशा, खणखणीत आवाज; पण ओट्यावर बसल्यावर बराच वेळ काही बोलेनात. मला वाटले, माझ्यासारखाच कोणी भेटला. शेवटी म्हणाले, “मास्तर, उनाळ्यात रोज एक फूल देईन असं झाड आहे का तुमच्यापाशी? एकच पाह्यजे. पण रोज.”

कारण विचारले, तेव्हा हळूहळू सारे कळले. मानमोडीच्या तापाच्या साथीत पाटील अंथरुणाला खिळले होते. घराघरांतून माणसे जात होती. त्यांच्या पत्नी भागीरथाबाई देवापुढे उभ्या राहिल्या आणि बोलून गेल्या की धनी उठले तर रोज आपल्या अंगणातले ताजे फूल तुला वाहीन आणि मगच अन्न घेईन. पाटील उठले. त्याला आता कितीतरी वर्षे लोटली होती आणि तो नेम चालूच होता. पावसाळ्यात-हिवाळ्यात अडचण नसे. जास्वंद असे, तगर असे, झेंडू असे. वैशाखात विहीर तळाला गेली की सारे वाळे. कण्हेर उन्हाला दाद देत नाही. पण ती विषारी, आणि पाटलांच्या अंगणात गुरे बांधलेली. सदाफुलीला भागीरथाबाईंच्या सासूबाईंनी मसणातले फूल ठरवून ठेवले होते. मग उन्हाळ्यात ज्या दिवशी फूल नाही, त्या दिवशी भागीरथाबाई गुळाचा खडा खाऊन पाणी पीत.

“भटजीनं सांगतलं, फूल नसलं त अक्षता वाहा, चालते,” पाटील म्हणाले. “घरवाली म्हणते, म्या फूल बोलली व्हती, तांदूळ नाही. आता सांगा! माह्या जीवासाठी ते उपाशी राह्यते, अन् मी काय तोंडानं जेवू?”

मी त्यांना निरनिराळ्या वेळी फुलणारे गड्डे निवडून दिले. विलायती फूल देवाला चालेल का, ही शंका त्यांना वाटेत आली असावी, कारण पुढच्या खेपेला त्यांनी बाईंचे उत्तर सांगितले: “ते म्हणते, देवानंच केलं असन ना? का सायबानं केलं?”

पहिल्या उन्हाळ्यात थोडीच फुले आली. दुसऱ्या उन्हाळ्यात वाफा चांगला धरला आणि ज्येष्ठापर्यंत बाईंचा नेम क्वचितच चुकला. पाटलांनी मुद्दाम येऊन ही बातमी दिली आणि बरोबर हरभऱ्याची पिशवी आणली. जाताना त्यांनी विचारले, “दोन-चार दिवस मंधात खाली गेले. ते बी जाऊ नये, असं काही करता येईन का?” मी सांगितले की मिटलेले फूल रोज न चुकता खुडत जा. यापलीकडे मला काही ठाऊक नव्हते.

तिसऱ्या वर्षी वैशाखात एके दिवशी पहाटेच दारात बैलगाडी थांबली. पाटील खाली उतरले ते पार उतरलेल्या चेहऱ्याने. गाडीवान किसना बैल सोडता-सोडता माझ्याकडे पाहून मान हलवत होता.

“मास्तर, एक बी फूल नाही,” पाटील म्हणाले. “आज तिसरा दिवस.”

“दांडे निघाले नाहीत?”

“निघाले त व्हते. म्या खुडले.”

मला वाटले माझ्या ऐकण्यात चूक होते आहे. “दांडे खुडले?”

“हाव. बोटभर झाले तवाच शेंडे खुडले. तुमी सांगतलं व्हतं ना, खुडल्यानं फूल वाढते? म्हटलं मिटल्यावर खुडून एवढा फायदा, त आधीच खुडलं त किती व्हईन! हरभऱ्याचे शेंडे नाही का आपण खुडत? खुडला की फांद्या फुटते, अन् घाटे दुप्पट लागते. म्हटलं एकाचे चार दांडे व्हईन.”

वऱ्हाडात हरभरा पेरणाऱ्या कोणालाही हा विचार चुकीचा वाटणार नाही. शेंडा खुडून भाजी करायची आणि झाड पसरू द्यायचे, हे आमच्याकडे लहानपणापासून अंगात मुरलेले ज्ञान आहे. परंतु लिलीच्या दांड्याला फांदी फुटत नाही. त्याच्या टोकाशीच त्याचे सारे धन असते. पाटलांनी रोज सकाळी वाफ्यापाशी बसून, मोठ्या मायेने, त्या वर्षीचा सगळा बहर बोटांनी खुडून टाकला होता.

त्यांना हे समजावून सांगण्याची गरज पडली नाही. ते माझ्या आवारातील फुललेल्या दांड्यांकडे पाहत होते आणि आपली चूक त्यांना तेथेच दिसत होती.

“आता नवे कवा येईन?”

“या उन्हाळ्यात येतील असं सांगवत नाही.”

पाटील ओट्यावर खाली बसले. किसना म्हणाला, “मंग हेच फुलं नेऊ ना जी इथून!” पाटलांनी त्याच्याकडे न पाहताच उत्तर दिले, “बापा, अंगणातलं पाह्यजे. बजारातलं चालते त मी अकोल्याहून नसतं आणलं?”

तेव्हा मला एकच उपाय सुचला. हे झाड कळ्यांसकट उचलता येते. माती न झटकता मोठा गड्डा काढला, मुळ्या ओल्या ठेवल्या, तर दांड्यावरच्या कळ्या नव्या जागीही उमलतात. मात्र गड्डा जुना आणि भरलेला हवा. आणि तो फोडायचा नाही, सगळाच न्यायचा. माझ्याकडे बहुतेक झाडे अर्धी फुलून गेलेली होती. कळ्यांनी गच्च असा एकच गड्डा होता. तो मी स्वतः दोन फुलांचा संयोग करून, बी धरून, बियांपासून वाढवलेला होता. सर्वांच्या मागून फुलणारा. फिकट लिंबाच्या रंगाचा. त्याचे दुसरे रोप माझ्याजवळ नव्हते. पुढच्या हिवाळ्यात तो फोडून वाढवावा, असा विचार होता.

मी कुदळ घेऊन त्याच्यापाशी गेलो, तेव्हा सौभाग्यवती मागे येऊन उभ्या राहिल्या. “हाच?” त्यांनी विचारले. मी मान हलवली. त्या आत गेल्या आणि भिजवलेले गोणपाट घेऊन बाहेर आल्या.

गड्डा घमेल्यात ठेवून गोणपाटात गुंडाळला, वरून पळसाची पाने बांधली. मीही बरोबर निघालो. झाड देऊन मोकळे होण्यासारखा तो प्रसंग नव्हता. पाटलांनी घमेले मांडीवर घेतले, आणि दिवसभर गाडीचा प्रत्येक हिसका ते स्वतःच्या अंगावर घेत राहिले. दांड्यांना एका हाताचा आडोसा होता. मालेगावच्या अलीकडे एका मळ्यात थांबलो, तेव्हा ते गोणपाटासाठी पाणी आणायला विहिरीवर गेले. ते लांब गेल्यावर किसना माझ्याजवळ सरकला.

“मास्तर, हे झाड जगलं पाह्यजे हो. दोन माणसाइचा सवाल आहे.”

“दोन?”

“पाटील बी जेवून नाही राह्यले. बाईनं बांधून देल्ली शिदोरी वावरात आणते, अन् बैलाले चारते. घरी सांगते, जेवलो म्हणून. मले शपथ घातली. बाईले मालूम पडलं त म्हणतीन, ज्याच्यासाठी नेम बोलली थोच उपाशी.” आणि मग बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “हे दोघं मात्र ठोसर झाले, पाहा!”

केनवडला पोहोचलो तेव्हा सूर्य टेकायला आला होता. दिवे लागण्यापूर्वी गड्डा जमिनीत गेला पाहिजे, हे कोणी बोलले नाही. पण पाटील गाडी पुरती थांबण्याआधीच उतरले आणि स्वतः खड्डा घ्यायला लागले. भागीरथाबाई तुळशीपाशी उभ्या होत्या. अंगाने किरकोळ, डोक्यावर पदर, चेहरा ओढलेला. तरी नजर शांत. मी गड्ड्याची मान बेताने मातीच्या पातळीत बसवली आणि माती दाबली. सर्वांत टपोरी कळी पिवळी पडून तट्ट झाली होती. ती उद्या उमलणार, हे सहज दिसत होते.

त्या पुढे आल्या. कळीला हात न लावता त्यांनी बराच वेळ पाहिले.

“मास्तर, तुमी एवढ्या लांबून आले, राग नका मानू. पण हे फूल तुमच्या जऊळक्याचं. माह्या अंगणातलं कसं म्हनू?”

पाटलांच्या हातातली कुदळ तशीच राहिली. सारे माझ्याकडे पाहू लागले. मी शिकलेला, मी काहीतरी वचन सांगावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. मला एकही वचन आठवेना, आणि आठवले असते तरी ते खोटेच वाटले असते. मला जे ठाऊक होते ते सांगितले. आवाज नेहमीसारखाच होता, पण अंगण इतके शांत होते की तो पुरला.

“बाई, ही कळी अजून पुरी झालेली नाही. उमलण्याच्या आदल्या रात्री ती मुळ्यांतून पाणी ओढते आणि फुगते. उद्याचं फूल पुष्कळसं आज रात्रीच्या पाण्याचंच असतं.”

“आज रातच्या?”

“होय.”

त्या आत गेल्या. पिण्याच्या पाण्याचा हंडा रिकामा होत आल्याचा आवाज मला ऐकू आला. बाहेर आल्या त्या भरलेला तांब्या घेऊन. खाली बसून त्यांनी ते पाणी अगदी सावकाश, एक थेंबही बाहेर न जाऊ देता, गड्ड्याभोवती घातले.

“आता झालं घरचं,” त्या म्हणाल्या. मग आपल्याशीच हसल्या. “आमी बी त अशाच येतो. माहेरची माती पायाले घेऊन. मंग कोनी इचारते का, तू कोनाची म्हणून?”

तुळशीत दिवा लागला, आणि मग कोणीही त्या झाडाजवळ गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आलो तेव्हा पाटील आधीच वाफ्यासमोर उकिडवे बसले होते. कळी मिटलेलीच होती. माझ्या आवारात एव्हाना ती अर्धी तरी उघडली असती. बाजूचा एक दांडा वाटेतल्या उन्हाने मान टाकून बसला होता. ऊन भिंतीवरून खाली उतरू लागले. किसना बैलांना पाणी दाखवून आला, पाहून परत गेला, पुन्हा आला. “लाजून राह्यलं का?” त्याने विचारले. “नवीन जागा आहे, पाव्हणे पाहून राह्यले.” कोणी हसले नाही. भागीरथाबाई स्नान करून ओलेत्या केसांनी देवघराच्या दारात बसल्या होत्या. त्या एकदाही वाफ्याकडे आल्या नाहीत.

ऊन वाफ्यावर आले. त्यानंतर किती वेळ गेला, ते मला सांगता येणार नाही. एकदा कळीच्या टोकाशी बारीक फट दिसली, इतकी बारीक की मी चष्मा पुसला. मग एक पाकळी सुटली. ती मागे वळली आणि तिच्यामागून उरलेल्या, घाई नसल्यासारख्या. लिंबाच्या रंगाचे ते फूल पुरे उघडले, आणि पाटील मोठ्याने ओरडले, “अवं, ये ना! आलं!”

भागीरथाबाईंनी येऊन ते खुडून घेतले. देवघरात घंटी वाजली.

थोड्या वेळाने ओसरीवर पाटलांचे ताट आले. माझेही आले, किसनाचेही आले. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, कांदा. भागीरथाबाई ताट ठेवून वळल्या, आणि वळता-वळता, आमच्याकडे न पाहता, म्हणाल्या, “आज बैलाले कडबाच टाक रे किसना. लय जेवले ते इतके दिवस.”

किसनाने मान खाली घातली. पाटलांनीही.

बाई आत गेल्या. त्या काळी घरधनिणीने पुरुषांसमोर जेवायची रीत नव्हती. त्यांनी दाराआड पाट मांडला असावा. पाटलांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि हात तसाच ताटावर धरून ते थांबले. मान किंचित दाराकडे वळलेली होती. मी आणि किसनाही थांबलो. आतून भाकर मोडल्याचा आवाज आला आणि त्याबरोबर बांगड्या किणकिणल्या. मग पुन्हा एकदा किणकिणल्या.

तेव्हा पाटलांनी घास तोंडात घातला.